परदेशी खरेदीदाराबरोबरचा वाद लवादात गेला तर: आपली बाजू ऐकली जावी आणि कारणांसह निकाल मिळावा म्हणून काय करायचं

नाशिकच्या पिंपळगाव, निफाड, दिंडोरी या पट्ट्यातून युरोपला द्राक्ष पाठवणाऱ्यांसाठी हे लिहितोय, पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून बाहेर मशीनचे पार्ट पाठवणाऱ्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू आहे. मी वकील नाही, एक्सपोर्टच्या कागदपत्रांचं काम करतो, आणि त्या कामात परदेशी खरेदीदारांबरोबरच्या दोन लवादांच्या फायली पहिल्या नोटिशीपासून निकालापर्यंत माझ्या टेबलावर होत्या. लवाद म्हणजे कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या त्रयस्थांनी वाद ऐकून निकाल देणं, आणि त्या त्रयस्थांनाही लवादच म्हणतात. पहिली आम्ही हरलो. आमचं ऐकूनच घेतलं नाही असं आम्ही नंतर वर्षभर सगळ्यांना सांगत होतो, आणि मग एका वकील मॅडमनी ती फाईल मागून घेतली, दोन तास बसून वाचली आणि एवढंच विचारलं की आमचं ऐका, आम्हाला वेळ द्या असं तुम्ही कुठे लिहून मागितलंय ते पान दाखवा. ते पान फाईलमध्ये नव्हतं.

दुसऱ्या फाईलच्या वेळी आम्ही ती पानं तयार करत गेलो, आणि फरक पडला. तेच कसं करायचं ते सांगतो.

आधी कायदा काय देतो ते थोडक्यात. आपल्या १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम १८ एका ओळीचं आहे, दोन्ही पक्षांना सारखं वागवायचं आणि प्रत्येकाला बाजू मांडायची पूर्ण संधी द्यायची. ही ओळ संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९८५ ला केलेल्या नमुना कायद्यातून आलीये, त्यामुळे सिंगापूरला गेलात तरी जवळपास हेच ऐकायला मिळतं. आणि १९५८ चा न्यूयॉर्क करार, ज्यात आज १७० पेक्षा जास्त देश आहेत आणि भारतही आहे, तो म्हणतो की ज्याच्याविरुद्ध निकाल लागला त्याला लवाद नेमल्याची किंवा कामकाजाची नीट नोटीस मिळाली नसेल, किंवा इतर कुठल्या कारणाने त्याला बाजू मांडताच आली नसेल, तर दुसऱ्या देशातलं कोर्ट त्या निकालाची अंमलबजावणी नाकारू शकतं. म्हणजे आपलं, निर्यातदाराचं, ऐकून घेतलं गेलं पाहिजे ही रॉटरडॅमच्या खरेदीदाराचीही गरज असते, नाहीतर त्याचा निकाल इथे वसुलीला आणताना त्यालाच अडचण.

पण पूर्ण संधी म्हणजे अमर्याद संधी नव्हे. सिंगापूरच्या अपील कोर्टाने २०२० मध्ये एका चिनी कंपनी विरुद्ध ग्वाटेमालाच्या कंपनीच्या प्रकरणात हे अगदी स्पष्ट केलं, पूर्ण संधी म्हणजे परिस्थिती बघता वाजवी संधी, आणि कामकाज अन्यायाचं वाटत असेल तर त्याच वेळी ट्रिब्युनलला, म्हणजे निकाल देणाऱ्या लवादांना, स्पष्ट सांगायचं, निकाल काय लागतो ते बघून मग तक्रार काढायची हे चालणार नाही. हे वाक्य मी आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलंय.

करारात सही करताना

बहुतेक जण भाव, ग्रेड आणि पेमेंटच्या अटी वाचतात आणि शेवटच्या पानावरचा लवादाचा क्लॉज कुणी वाचत नाही. त्यात चार गोष्टी बघा. लवादाची जागा कुठली, वकील तिला सीट म्हणतात, कारण निकाल रद्द करून मागायचा तर त्याच देशातल्या कोर्टात जावं लागतं. कुठल्या संस्थेचे नियम. भाषा कुठली. आणि कारणं न देता निकाल दिला तरी चालेल असं काही लिहिलंय का. आपल्या कलम ३१ प्रमाणे निकालात कारणं द्यावीच लागतात, पण पक्षांनी आपसात ठरवलं असेल की कारणं नकोत तर ते बंधन जातं, तसंच दोघांनी तडजोड करून घेतलेल्या निकालालाही कारणं लागत नाहीत. ती ओळ दिसली तर खोडायला सांगा, मी तरी अशा कागदावर सही करू देणार नाही.

अजून एक, छोट्या रकमेच्या वादांसाठी जलद प्रक्रिया असते आणि ती लागलीये हे लोकांना नंतर कळतं. आयसीसी, म्हणजे पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या २०२१ च्या नियमांत १ जानेवारी २०२१ नंतरच्या करारांसाठी ३० लाख डॉलरपर्यंतच्या वादाला ही प्रक्रिया आपोआप लागते, पक्षांनी ती नको असं लिहिलं नसेल तर, आणि त्यात लवाद तोंडी सुनावणी न घेता नुसत्या कागदांवर निकाल देऊ शकतो. चार-पाच कंटेनरचा क्लेम या मर्यादेच्या आतच बसतो. आपल्या कायद्यातलं कलम २९ ब सुद्धा तसंच आहे, पण ते दोघांनी लेखी मान्य केलं तरच. तुमची केस साक्षीदारावर उभी असेल, म्हणजे पॅकहाऊसचा सुपरवायझर येऊन सांगेल तेव्हाच पटेल अशी असेल, तर हे आधीच बघून ठेवा.

नोटीस

पहिल्या केसमध्ये आमची चूक इथे झाली. करारावर पत्ता जुन्या गोडाऊनचा होता, तिथे फेब्रुवारीत कुरिअर आलं, गेटवरच्या माणसाने सही करून घेतलं आणि इतर बिलांबरोबर तारेला लावून ठेवलं, सीझनची धामधूम, एप्रिलपर्यंत कुणी ती तार काढून बघितली नाही. कायद्याने आपल्याला नोटीस मिळाली. कलम ३ म्हणतं की धंद्याच्या पत्त्यावर किंवा टपालाच्या पत्त्यावर पोचलं की मिळालं, तुम्ही वाचलं की नाही हा प्रश्न नाही. म्हणून पत्ता बदलला की खरेदीदाराला लेखी कळवा, करारात नोटिशीसाठी दोन ईमेल टाका, त्यातला एक मालकाचा आणि एक ऑफिसचा, आणि स्पॅम फोल्डर रोज उघडायचं काम एका माणसाच्या नावावर करा.

उशीर झालाच असेल तरी हात वर करू नका. कलम २५ प्रमाणे तुम्ही उत्तर दिलं नाही म्हणून समोरच्याचं म्हणणं तुम्ही कबूल केलं असं धरता येत नाही, पण ट्रिब्युनल पुढे जाऊ शकतं आणि समोर असलेल्या पुराव्यावर निकाल देऊ शकतं. नोटीस हातात पडली त्याच दिवशी ईमेल करा, ही आम्हाला आज मिळाली, या कारणाने उशीर झाला, उत्तराला अमुक दिवस द्या. मुदत मिळाली तर काम झालं, नाही मिळाली तर ते नाकारलेलं ईमेल फाईलला लावा, पुढे तोच कागद लागतो.

लवाद कोण नेमलेत तेही लगेच बघा. प्रत्येक लवादाने आपले दोन्ही बाजूंशी काय संबंध आहेत ते लेखी जाहीर करायचं असतं, ते जाहीरपत्र मागून घ्या आणि वाचा. काही खटकलं तर आपल्या कायद्यात कळल्यापासून १५ दिवसांत हरकत घ्यायची असते, ती मुदत पटकन जाते.

सुनावणीच्या आधी

पहिली प्रोसिजरची मीटिंग होते, हल्ली व्हिडिओवरच. बरेच जण ती वकिलावर सोडतात, तसं करू नका, तुम्ही स्वतः बसा, कारण कुठल्या तारखेला काय द्यायचं ते तिथेच ठरतं. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे काय चालू असतं हे पॅरिस-लंडनच्या लवादाला माहीत नसतं. आम्ही दुसऱ्या केसमध्ये पहिल्याच मीटिंगला सांगितलं की काढणी चालू आहे, आमचे तिन्ही साक्षीदार पॅकहाऊसवर रात्रपाळीला आहेत, मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतरची तारीख द्या, आणि मिळाली. हीच विनंती सुनावणीच्या चार दिवस आधी केली असती तर मिळाली नसती, आणि आपल्या कायद्यातही विनाकारण तारीख मागितली तर खर्च लावायची सोय आहे. वेळेचंही बघा, थंडीत नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन, तिकडचं दुपारी दोनचं सत्र म्हणजे आपल्या साक्षीदाराची संध्याकाळ, आणि लाईट गेली तर काय याची तयारी हवी. आम्ही पॅकहाऊसऐवजी गंगापूर रोडला एका ओळखीच्या ऑफिसमध्ये बसलो, दोन नेट कनेक्शन ठेवून.

तोंडी सुनावणी हवी असेल तर ती मागा. कलम २४ सांगतं की एका पक्षाने जरी विनंती केली तरी योग्य टप्प्यावर तोंडी सुनावणी घ्यावीच लागते, आधीच नको असं ठरलेलं नसेल तर. मागितलीच नाही तर लवाद कागदांवर ठरवायला मोकळा आहे.

भाषेचा मुद्दा इथे मोठा आहे. आपलं प्रीकूलिंगचं, म्हणजे माल पाठवण्याआधी थंड केल्याच्या नोंदींचं, रजिस्टर मराठीत असतं, बागेची फवारणीची वही मराठीत असते, आणि लवादाची भाषा इंग्रजी. भाषांतर जोडलं नाही तर ते रजिस्टर असून नसल्यासारखं. पानं निवडून चांगलं भाषांतर करून घ्या, मूळ पानाचा फोटो डावीकडे आणि भाषांतर उजवीकडे, आणि साक्षीदाराला इंग्रजी जमत नसेल तर दुभाषी आधीच मागा. आमचा सुपरवायझर मराठीत बोलला आणि फार छान बोलला, इंग्रजीत त्याला यस-नोच्या पुढे जाता आलं नसतं.

आणि एक सवय लावून घ्या, ट्रिब्युनलला जे काही पाठवाल ते सगळ्यांना एकाच ईमेलमध्ये, तिन्ही लवाद, समोरचे वकील, संस्था. आपल्या बाजूने नेमलेल्या लवादाला वेगळा फोन नाही, व्हॉट्सअॅप नाही, तो ओळखीचा असला तरी नाही. समोरच्याने लवादाला दिलेला प्रत्येक कागद आपल्याला मिळायला हवा हा आपला हक्क आहे, आणि तसाच त्यांचाही.

सर्व्हेअरचा रिपोर्ट

द्राक्षाच्या वादात सगळं इथेच अडकतं म्हणून जरा सविस्तर. क्लेम ठरलेला असतो, मणीगळ झाली, देठ वाळले, कूज दिसली, एवढे टक्के माल खराब. सोबत तिकडच्या सर्व्हेअरचा, म्हणजे माल तपासणाऱ्याचा, रिपोर्ट. दुसऱ्या केसमध्ये त्यांनी सुनावणीच्या दोन दिवस आधी एक पुरवणी रिपोर्ट टाकला, चाळीस पानं, फोटोंसकट. आमचे वकील म्हणाले आत्ता वाद नको, लवाद नाराज होतील, नंतर युक्तिवादात बघू. पहिल्या केसमुळे मी घाबरलेलो होतो, मी म्हटलं नाही, आज रात्रीच लिहू. ईमेल सहा ओळींचं होतं, हा रिपोर्ट आज मिळाला, यात कंटेनरच्या तापमानाबद्दल नवा मुद्दा आहे, त्याला उत्तर द्यायला आम्हाला डेटा लॉगरची, म्हणजे कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राची, फाईल तज्ज्ञाला दाखवावी लागेल, दहा दिवस द्या किंवा हा रिपोर्ट विचारात घेऊ नका, आणि आम्हाला सर्व्हेअरची उलटतपासणी घेऊ द्या. सात दिवस मिळाले आणि उलटतपासणीही मिळाली.

व्हिडिओवर सर्व्हेअरला आमच्या वकिलांनी एकच साधा प्रश्न लावून धरला, वीस पॅलेटपैकी किती उघडले. तो कागद चाळत राहिला आणि म्हणाला तीन. कुठले तीन, तर दरवाज्याजवळचे. कंटेनर उघडल्यावर किती वेळाने, तर त्याला आठवत नव्हतं. आमच्याकडे लॉगरचा आलेख होता, नाव्हाशेवापासून तिकडे दार उघडेपर्यंत शून्याच्या आसपास सरळ रेघ आणि शेवटच्या काही तासांत वर चढलेली, म्हणजे माल तिकडे उतरवल्यावर उभा राहिला होता. तो रिपोर्ट न विचारता तसाच गेला असता तर निकाल त्याच्यावरच बसला असता, आणि निकालात पुढे लवादाने लिहिलंच की तीन पॅलेटवरून वीस पॅलेटचं अनुमान काढता येत नाही.

लवादाने स्वतः तज्ज्ञ नेमला तरी त्यालाही प्रश्न विचारायची मागणी करता येते, आपल्या कायद्यात कलम २६ मध्ये ते आहे.

यातूनच अजून एक गोष्ट येते, फाईलमध्ये नसलेल्या गोष्टीवर निकाल देता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सँगयाँग इंजिनिअरिंग या कोरियन कंपनीच्या हायवेच्या केसमध्ये हेच पकडलं. ट्रिब्युनलच्या बहुमताने सरकारी मार्गदर्शक सूचना वापरल्या ज्या कुणीच फाईलला लावल्या नव्हत्या, त्यामुळे कंपनीला त्यावर बोलायची संधीच मिळाली नाही, तो निकाल रद्द झाला. तुमच्या सुनावणीत लवाद एखादा बाहेरचा आकडा किंवा बाजारभाव बोलून गेले तर नम्रपणे विचारा, सर हा कुठल्या कागदात आहे, आम्हाला त्यावर म्हणणं मांडायचंय. आणि त्याच दिवशी ईमेलनेही टाका.

हरकत घेताना नुसतं आमचे सर्व हक्क राखून असं लिहू नका, त्याला फार वजन नसतं. काय झालं, त्यामुळे काय मांडता आलं नाही, काय हवंय, या तीन गोष्टी लिहा. भांडखोर भाषा नको.

कारणं मिळतील अशी मांडणी

चांगली कारणं हवी असतील तर प्रश्न तुम्ही नीट लिहून द्यावे लागतात. सुनावणी संपली की शेवटच्या लेखी युक्तिवादात मुद्दे वेगळे काढा, माल लोडिंगच्या वेळी ग्रेडप्रमाणे होता का, खराबी कुठे झाली, तक्रार करारातल्या मुदतीत आली का, नुकसान किती, त्यांनी माल विकून किती वसूल केले. प्रत्येक मुद्द्याखाली तुमचं उत्तर आणि पुराव्याचं पान. दोनशे पानं देऊन यातून शोधून घ्या असं केलं तर लवादाकडून तुमचा महत्त्वाचा मुद्दा सुटतो आणि मग आपण म्हणतो विचारच केला नाही. प्रत्येक युक्तिवादाला वेगळं उत्तर द्यायला लवाद बांधील नाहीत हे लक्षात ठेवा, निकाल ज्याच्यावर उभा आहे त्या मुद्द्यांची कारणं यायला हवीत.

किती कारणं म्हणजे पुरेशी? डायना टेक्नॉलॉजीज विरुद्ध क्रॉम्प्टन ग्रीव्हज या २०१९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तीन कसोट्या सांगितल्या, कारणं योग्य असावीत, समजतील अशी असावीत आणि पुरेशी असावीत. तो वाद कोळंबीच्या शेतीच्या कामाचा होता, आणि निकालात युक्तिवाद, पुरावा आणि निष्कर्ष सगळं एकात एक मिसळलेलं होतं, कुठलं म्हणणं कुणाचं तेच कळेना. परदेशी गुंतवणुकीच्या लवादात १९८९ पासून अजून सोपी कसोटी वापरतात, वाचणाऱ्याला पहिल्या बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत लवाद कसे पोचले ते कळलं पाहिजे. मला ही जास्त आवडते, बागायतदारालाही समजते.

निकाल हातात आल्यावर

हरलात तर राग येतो आणि जिंकलात तर शेवटचं पान बघून पेढे वाटले जातात, दोन्ही वेळा आख्खा निकाल वाचायचा राहतो. आपल्या मुद्द्यांची यादी शेजारी ठेवा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे निकालातला परिच्छेद क्रमांक लिहा, ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो मुद्दा वेगळ्या कागदावर. निकालात आपण कधी न मांडलेला युक्तिवाद आपल्या तोंडी घातलाय का, दुसऱ्याच करारातली अट आलीये का, तेही बघा. हे होतं. एप्रिल २०२५ मध्ये सिंगापूरच्या अपील कोर्टाने भारतातल्या रेल्वे मालवाहतूक कॉरिडॉरच्या कामावरचा एक निकाल रद्द करण्याचा आदेश कायम ठेवला, ४५१ परिच्छेदांपैकी किमान २१२ दुसऱ्या दोन लवादांच्या निकालांतून उचललेले होते, तिथे न झालेले युक्तिवादही आले होते आणि दुसऱ्या करारांतल्या अटीही. ज्यांनी हे ओळ न् ओळ लावून बघितलं त्यांनी केवढं काम केलं असेल याचा मी विचार करतो.

सीट भारतात असेल तर आकड्याची चूक किंवा टायपिंगची चूक दुरुस्त करायला, आणि मागितलेली एखादी मागणी निकालात राहूनच गेली असेल तर पुरवणी निकाल मागायला कलम ३३ खाली ३० दिवस असतात. व्याज राहून गेलं असेल तर हे फार उपयोगी पडतं. निकाल रद्द करून मागायला कलम ३४ खाली तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्याच्या पुढे एक दिवसही मिळत नाही. कारणांमध्ये फट असेल तर कोर्ट ती भरायला निकाल काही काळ ट्रिब्युनलकडे पाठवू शकतं, पण मुद्द्यावर निष्कर्षच नसेल तर ती फट धरत नाहीत, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने आय-पे विरुद्ध आयसीआयसीआय बँक प्रकरणात तसं म्हटलंय.

समोरचा परदेशी असेल तर हे अर्ज आपल्या नाशिकच्या जिल्हा न्यायालयात चालत नाहीत, हायकोर्टात जावं लागतं, सीट महाराष्ट्रात असेल तर मुंबईला, त्यामुळे वकील आणि खर्च त्या हिशोबाने आधीच धरा. नुसता अर्ज केला म्हणून वसुली थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. आणि लंडन किंवा सिंगापूरचा निकाल इथे राबवायला आला तर तुम्हाला फक्त कलम ४८ मधली मोजकी कारणं सांगता येतात, पुरावा चुकीचा वाचला, आकडा जास्त लावला, हे तिथे ऐकत नाहीत. विजय कारिया प्रकरणात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने असा विरोध फेटाळताना ५० लाखांचा खर्च लावला होता. म्हणून अन्याय झाला असं म्हणताना तो सुनावणीतला आहे की निकाल आवडला नाही एवढंच आहे, हे वकिलाबरोबर बसून प्रामाणिकपणे वेगळं करा.

या सगळ्या मुदती सही केलेली प्रत हातात पडल्यापासून मोजतात. स्कॅन ईमेलवर आधी येते आणि कागदाची प्रत कुरिअरने आठ-दहा दिवसांनी, तेव्हा दोन्ही तारखा लिहून ठेवा, कुरिअरचं पाकीट फेकू नका, आणि वकील वेगळं सांगत नाहीत तोपर्यंत आधीची तारीख धरून दिवस मोजायला घ्या.